बॉनेटखालचे इंजिन

मोटारीच्या छोट्या प्रतिकृतीचे किट उघडले की प्लास्टिकच्या दांड्यांना चिकटलेले सुटे भाग हाती येतात. त्यांत इंजिन असलेच तर ते अर्धेमुर्धे असते. दोन फाकांत ओतलेला ब्लॉक, वर हेड, पुढे पंखा, बाजूला सायलेन्सरकडे उतरणारा मॅनिफोल्ड, एवढ्यावर कारखान्याचे काम संपते. प्लगच्या वायरी नसतात, पेट्रोलची नळी नसते, बॅटरीतून केबल निघत नाही, कार्ब्युरेटरला ॲक्सिलरेटरची दांडी जोडलेली नसते. हे राहिलेले भाग तार, दोरा, पातळ प्लास्टिक आणि धातूची पन्नी यांतून स्वतः घडवायचे आणि किटच्या इंजिनाला जोडायचे, या कामाला छंदी मंडळी स्क्रॅचबिल्डिंग म्हणतात. त्याचा इतिहास साठ-पासष्ट वर्षांचा आहे. कारखान्याने बॉनेटखाली किती द्यायचे हे प्रत्येक काळात व्यापाराच्या हिशोबाने ठरले. उरलेले काम हातांनी केले, आणि ते त्यांनाच नीट जमले ज्यांना खरे इंजिन कसे चालते हे ठाऊक होते.

किटमध्ये वायरी का नसतात, याचे उत्तर साच्यात आहे. वितळलेले प्लास्टिक दाबाने पोलादी साच्यात भरतात आणि ते थिजले की साच्याचे दोन भाग सरळ रेषेत उघडतात. त्यामुळे साच्यातून जो आकार अडकल्याशिवाय बाहेर निघेल तोच ओतता येतो. आतून पोकळ वळणदार नळी, एकमेकींवरून जाणाऱ्या दोन वायरी, पुलीच्या खाचेत बसलेला पट्टा हे आकार साध्या साच्यातून निघत नाहीत. शिवाय अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक दांडी साच्यात पूर्ण भरत नाही, किंवा पेटीतच मोडते. खऱ्या मोटारीत प्लगची वायर सात मिलिमीटर जाडीची असते. १/२४ प्रमाणात ती ०.२९ मिलिमीटर होते. म्हणजे मॉडेलच्या इंजिनात जे हाताने घालावे लागते ते बहुतेक बारीक, वाकडे आणि पोकळ असते.

सुरुवातीला मोटारीच्या प्रतिकृतीत इंजिनाचा विचारच नव्हता. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी या विभागाने १९३० मध्ये मुलांसाठी ‘क्राफ्ट्समन्स गिल्ड’ नावाची स्पर्धा सुरू केली. ती १९६८ पर्यंत चालली. आधी नेपोलियनच्या घोडागाडीची प्रतिकृती करायची होती, पुढे स्वतः कल्पिलेल्या मोटारीची १/१२ प्रमाणातली प्रतिकृती करायची होती. लाकूड कोरून, घासून, रंगाचे थर चढवून मुले त्या मोटारी करत. कंपनीला उद्याचे बॉडी डिझायनर हवे होते, म्हणून स्पर्धेत बाहेरच्या आकाराला महत्त्व होते आणि मोटार भरीव असली तरी चालत होते.

दुसरा उगम डेट्रॉइटच्या शोरूममधला. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटार कंपन्या नव्या मॉडेलची छोटी हुबेहूब प्रतिकृती डीलरला देत. डीलर ती गिऱ्हाइकाच्या मुलाच्या हाती ठेवी. जो-हान ही कंपनी १९४७ ची आणि एएमटी १९४८ ची, दोन्हींचा जम या प्रमोशनल मोटारींवर बसला. प्रमाण १/२५, रंग कंपनीच्या रंगकार्डाप्रमाणे, बॉडी एकसंध आणि बॉनेट कायमचे बंद. खाली लावलेल्या पट्टीवर इंजिनाच्या तळाचा आणि गिअरबॉक्सचा नुसता उठाव असे.

एएमटीने १९५८ मध्ये या प्रमोशनल मोटारी न जोडता किट म्हणून विकायला काढल्या. साचे तेच होते. भर इतकीच की एकाच पेटीत मूळ मोटार, बदललेली मोटार आणि शर्यतीची मोटार अशा तीन तऱ्हांचे भाग मिळत. ‘थ्री-इन-वन’ या नावाने ही कल्पना चालली आणि कंपनीचे भाग्य उजळले. मूळ प्रमोशनल मोटारीत इंजिन नव्हते, म्हणून या पहिल्या किटमध्येही ते नव्हते. तंत्र अपुरे होते असे मुळीच नाही. रेव्हेलने १९५१ पासूनच जुन्या मोटारींची १/३२ प्रमाणातली प्लास्टिक किटे बाजारात आणली होती आणि ती नाजूक भागांसाठी नावाजली जात. इंजिनासाठी नवा साचा कापायचा तर खर्च होता, आणि तो करायला तोवर काही कारण नव्हते.

ते कारण हॉट रॉडने दिले. कॅलिफोर्नियातली तरुण पोरे १९३२ ची जुनी फोर्ड घेत, तिचे मडगार्ड उतरवत, बॉनेट काढून टाकत आणि उघडे पडलेले व्ही-एट इंजिन क्रोमने चमकवत. त्या गाडीची सगळी ऐट इंजिनात असे. तिचे किट काढायचे तर इंजिन झाकून भागणार नव्हते. १९६० च्या आसपास अशा किटांतून पूर्ण इंजिन आले आणि थोड्याच काळात नव्या मोटारींच्या किटांतही त्याची अपेक्षा होऊ लागली. रेनवॉल कंपनीने तर १९५० च्या दशकाच्या अखेरीस पारदर्शक प्लास्टिकचे ‘व्हिजिबल व्ही-एट’ हे १/४ प्रमाणातले नुसते इंजिनच विकायला आणले. त्यात दट्टे वरखाली होताना दिसत. ते शिकवण्याचे साधन होते, आणि इंजिन हाही पाहण्याचा विषय असतो हे त्याने असंख्य घरांत पोचवले.

इंजिन उघड्यावर आले आणि उणिवा लगेच दिसू लागल्या. आठ सिलिंडरच्या इंजिनावर डिस्ट्रिब्युटर आहे, पण त्यातून एकही वायर निघत नाही, हे मोटार दुरुस्त करणाऱ्या घरातल्या मुलाला खटकणारच. पहिली भर तिथेच पडली. शिवणाचा काळा दोरा घेतला, मेण लावून त्याची लव बसवली, सुईच्या टोकाने डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला भोके पाडली आणि दोरे प्लगपर्यंत नेले. ‘कार मॉडेल’ हे मासिक अमेरिकेत १९६२ मध्ये निघाले आणि त्याच्यासारख्या मासिकांतून ही युक्ती गावोगाव गेली. त्याच काळातली दुसरी युक्ती म्हणजे उरलेली प्लास्टिकची दांडी मेणबत्तीवर धरायची, ती लवचीक झाली की दोन्ही टोके सावकाश ओढायची. हळू ओढली तर जाड सळई मिळते, झटकन ओढली तर केसाएवढा धागा. दांडी किटचीच असल्याने त्या धाग्याला किटचाच गोंद चालतो. आजही नवशिक्याने आधी शिकावी अशी ही गोष्ट आहे.

पुढची वीस वर्षे या कलेला सरळ वाट मिळाली नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यावर वीजपट्टीवर धावणाऱ्या स्लॉट कारची लाट आली आणि बरीच मुले तिकडे वळली. जपानमध्ये वेगळ्याच कारणाने इंजिन मागे पडले. तिथे किटमधली मोटार चालली पाहिजे अशी अपेक्षा होती, म्हणून चेसिसच्या पोटात विजेची छोटी मोटर आणि बॅटरीचे सेल बसवण्याची सोय करावी लागे. शिझुओकाच्या टामिया कंपनीचा पँथर रणगाडा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला निघाला तेव्हा आत सेल बसतील इतका तो मोठा ठेवला गेला आणि नंतर मोजल्यावर प्रमाण १/३५ च्या आसपास भरले. रणगाड्यांच्या जगात आज सर्वमान्य असलेले हे प्रमाण सेलच्या मापातून आले. मोटारींतही तेच झाले. १/२४ च्या अनेक जपानी किटांत इंजिनाच्या जागी मोटर आली, पुढे मोटर काढून टाकली तरी चेसिस तोच राहिला आणि बॉनेट बंदच राहिले.

याच टामियाने दुसऱ्या टोकाचे कामही केले. १९६७ मध्ये होंडाच्या आरए२७३ या फॉर्म्युला वन मोटारीचे १/१२ प्रमाणातले किट निघाले, त्यात बारा सिलिंडरचे इंजिन हेच मुख्य आकर्षण होते. नंतर पोर्श ९३४ चे किट करायचे ठरले तेव्हा शुनसाकु टामिया यांनी चक्क खरी पोर्श ९११ विकत घेतली आणि ती सुटी करून भाग न भाग तपासला. पुन्हा जोडायला पोर्शच्या तंत्रज्ञांची मदत घ्यावी लागली. किट १९७६ मध्ये आले. त्याच अभ्यासातून रेडिओवर चालणारी मोटारही निघाली आणि टामियाचा तो मोठा धंदा झाला. इटलीत तुरिनच्या पोखर कंपनीने १/८ प्रमाणात फियाट, अल्फा रोमिओ आणि रोल्स-रॉइसची किटे काढली. रोल्स-रॉइसच्या किटात दोन हजारांवर भाग होते, त्यांत धातूचे स्क्रू, नळ्या, वायरीसुद्धा होत्या. पण अशी किटे महाग आणि मोजकीच राहिली. मधल्या प्रमाणात, म्हणजे १/२४ आणि १/२५ मध्ये, वायरी हातानेच घालाव्या लागत.

इंग्लंडमधल्या जेराल्ड विन्ग्रोव्ह या कारागिराने किटचा आधारच सोडला. १/१५ प्रमाणात त्यांनी जुन्या नामांकित मोटारी धातूतून, लेथवर, भागाभागाने घडवल्या. खऱ्या मोटारीची मापे घ्यायची, छायाचित्रे काढायची आणि मगच पहिला भाग कापायचा, ही त्यांची शिस्त होती. आपली रीत त्यांनी पुस्तकांतून मांडली, त्यामुळे किटवर काम करणाऱ्यांपुढेही एक माप ठेवले गेले. अमेरिकेत १९७९ मध्ये ‘स्केल ऑटो एन्थुझिअस्ट’ हे मासिक निघाले आणि त्याच सुमारास सॉल्ट लेक सिटीत मोटार मॉडेलांची मोठी स्पर्धा सुरू झाली. तिथून परीक्षक बॉनेट उघडून आत टॉर्च मारू लागले. वायरी आहेत की नाहीत एवढ्यावर आता भागेना, त्या योग्य प्लगवर जातात की नाही हे पाहिले जाऊ लागले.

बाजारानेही मग लक्ष घातले. ठरावीक जाडीच्या पांढऱ्या स्टायरीन पट्ट्या आणि सळया मिळू लागल्या, त्यामुळे मापाने काम करणे सोपे झाले. पितळेच्या पातळ पत्र्यावर ॲसिडने कोरलेले क्लॅम्प, पंखे आणि जाळ्या आल्या, लेथवर कातलेल्या ॲल्युमिनियमच्या पुल्या आल्या, रेझिनमध्ये ओतलेली सबंध इंजिने आली. जे हात करत होते त्यातले काही पुन्हा पाकिटात मिळू लागले. हाताचे काम संपले मात्र नाही, कारण पाकिटे अमेरिकन व्ही-एटची होती. ज्याला वेगळी गाडी करायची होती त्याला पुन्हा पत्रा आणि तारच हाती घ्यावी लागली.

भारतात हा छंद उशिरा आणि तुकड्यातुकड्याने आला. आयातीवर कडक बंधने असल्याने प्लास्टिक किटे १९९१ पूर्वी क्वचित दिसत. बहुधा परदेशातून येणाऱ्या नातलगाच्या सामानातून ती येत. दुकानात मिळत त्या ओतीव धातूच्या मोटारी. ब्रिटनच्या डिंकी कंपनीचे जुने साचे १९६० च्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्याला आले आणि त्यांतून ‘निकी टॉइज’च्या मोटारी निघाल्या. त्या घट्ट रिबेट मारून बंद केलेल्या असत. महाराष्ट्रात स्वतःच्या हाताने लहान जग उभारण्याचे सर्वांत ठळक काम मोटारीत झाले नाही, आगगाडीत झाले. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून छोट्या रेल्वेचे संग्रहालय उभे केले आणि ते १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. रूळ, सिग्नल, उड्डाणपूल, कुंपणे, दिव्याचे खांब असे अख्खे चालते नगर तिथे आहे. यंत्र कसे चालते हे दाखवणे हाच तिथे हेतू आहे, आणि बॉनेटखालच्या कामाशी या कामाचे नाते त्यामुळे जवळचे आहे.

मोटारीपुरते बोलायचे तर महाराष्ट्रात आधी आले ते पूर्ण आकाराचे किट. महिंद्र अँड महंमद ही कंपनी १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी निघाली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. कैलाशचंद्र महिंद्र अमेरिकेत असताना विलिस कंपनीचे अभियंते बार्नी रूस यांना भेटले होते. जीपचे ‘गो-डेव्हिल’ इंजिन नावारूपाला आणणारे ते हेच रूस. त्या भेटीतून जीप भारतात आणण्याचे ठरले. सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि मुंबईत जोडले जायचे. माझगावला १९४९ मध्ये पहिली जीप अशी जोडून उभी राहिली. नंतर एकेक भाग इथे बनू लागला. परक्याने ओतलेले भाग नुसते जोडायचे की स्वतः घडवायचे, हा प्रश्न कारखान्यापुढेही होता आणि त्याचे उत्तर द्यायला त्याला बरीच वर्षे लागली.

त्या जीपच्या बॉनेटखाली काळानुसार तीन तऱ्हांची इंजिने आली, आणि महाराष्ट्रातली जीप मॉडेलमध्ये करायची तर हा क्रम माहीत हवाच. पहिले गो-डेव्हिल. चार सिलिंडर, २,१९९ सीसी, ६० हॉर्सपॉवर. त्याचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच बाजूला बसत, त्यामुळे हेड म्हणजे एक सपाट झाकण आणि त्यावर उभे चार प्लग. दुसरे ‘हरिकेन’. सिलिंडरचे माप तेच, पण हवा घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेलेले. इंजिन उंच झाले आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. म्हणून विलिसने १९५३ मध्ये आणलेल्या सीजे-३बी या जीपचे बॉनेट आणि पुढची जाळी उंच केली गेली. महिंद्रने पुढे अनेक दशके हीच जीप बनवली. भारतात जीप म्हटले की जो उंच कपाळाचा चेहरा डोळ्यांपुढे येतो तो या इंजिनाने दिलेला आहे. तिसरे डिझेल. महिंद्रने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर १९६३ पासून बी-२७५ ट्रॅक्टर बनवायला घेतला होता. त्याच घराण्यातले डिझेल इंजिन जीपमध्ये आले. त्यानंतर प्यूजोच्या परवान्याखालचे एक्सडीपी ४.९० हे २,११२ सीसीचे डिझेल आले.

नंदुरबार जिल्ह्यातली जीप ही मुख्यतः या तिसऱ्या इंजिनाची. धुळे जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी हा जिल्हा वेगळा झाला. नवापूर, नंदुरबार, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके. दक्षिणेला तापीचे काळ्या मातीचे सपाट खोरे आणि उत्तरेला नर्मदेपर्यंत सातपुड्याच्या रांगा. रेल्वे सुरत-भुसावळ मार्गाने सपाटीवरूनच जाते. धडगावकडे चांदसैली घाटाने किंवा तोरणमाळकडे सात पायरीच्या वळणांनी वर चढायचे तर रस्त्याशिवाय गत्यंतर नाही. एसटी जिथे थांबते त्याच्या पुढच्या पाड्यांना आठवड्याच्या बाजाराशी जोडले ते जीपने, पुढे कमांडर आणि मॅक्ससारख्या तिच्या मोठ्या भावंडांनी. पेट्रोल परवडणारे नव्हते. जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून घेणे हे देशभर गॅरेजचे नेहमीचे काम झाले. त्यासाठी फिटर इंजिन टेकवायची नवी फाउंडेशन वेल्डिंगने करून घेतो, सायलेन्सरचा पाइप कापून वळवतो, गॅस्केटचा कागद थेट ब्लॉकवर ठेवून हातोडीने कडेकडेने ठोकत त्याच मापाचे गॅस्केट कापून काढतो. किटमध्ये नसलेला भाग स्वतः घडवण्याचे हेच काम, फक्त पूर्ण आकारात.

आता विलिस जीपची किटे १/३५ आणि १/२४ अशा दोन्ही प्रमाणांत मिळतात, पण ती महायुद्धातली जीप असते. तिच्यातून सातपुड्यातली जीप काढायची तर काम इंजिनापासून सुरू करावे लागते, कारण बाहेरचा आकारही इंजिनावर ठरतो. १/२४ मध्ये गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर, म्हणजे ८० इंच, साधारण ८५ मिलिमीटर भरते. चेसिस तसाच वापरता येतो. स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे न्यावे लागते, आणि त्याबरोबर त्याची दांडी व गिअरबॉक्सही इंजिनाच्या दुसऱ्या बाजूला जातात. जाळी आणि बॉनेटच्या कडा पट्टी लावून उंच कराव्या लागतात. मग ब्लॉक. किटचा गो-डेव्हिल बाजूला ठेवून स्टायरीनच्या पत्र्याची पेटी करायची, तिच्या कडा घासून ओतीव लोखंडासारख्या गोलसर करायच्या, वर हेडचा जाड थर आणि त्यावर टॅपेट कव्हर बसवायचे. पेट्रोल इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर, कॉइल आणि प्लगच्या पाच वायरी पूर्ण वगळायच्या. ज्याने आधी गो-डेव्हिल केले असेल त्याला हे विशेष जाणवते. तिथे १-३-४-२ या क्रमाने वायरी नेण्यातच कौशल्य असते, आणि डिझेलमध्ये तो गुंता राहतच नाही.

त्याची जागा इंधनाचे पाइप घेतात. बाजूच्या पंपातून चार पोलादी पाइप निघून चार नोझलना जातात. पंपापासून पहिले नोझल जवळ आणि चौथे लांब असले तरी चारही पाइप सारख्याच लांबीचे ठेवतात, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला डिझेल सारख्याच वेळात पोचते. म्हणून जवळच्या नोझलकडे जाणारा पाइप मोठा वळसा घेतो. मॉडेलमध्ये चार सारखे तुकडे कापायचे, मग वळणे द्यायची. लांबी सारखी असली की वळणे आपोआप खऱ्यासारखी पडतात. उलट प्रत्येक तुकडा जागेवर मापून कापला तर पाइप आखूड आणि सरळ दिसतात, आणि डिझेलचे काम केलेल्या माणसाला ती चूक पाहताक्षणी कळते. खऱ्या पाइपची जाडी सहा मिलिमीटर धरली तर १/२४ ला ती पाव मिलिमीटर होते.

एवढी बारीक तार तालुक्याच्या गावातही मिळते. विहिरी आणि बोअरवेलच्या मोटरी जिथे जळतात तिथे रिवायंडिंगचे दुकान असतेच, आणि तिथे इनॅमलचा थर दिलेली तांब्याची तार गेजप्रमाणे रिळावर असते. ३३ गेजची तार ०.२५ मिलिमीटर, म्हणजे डिझेलचा पाइप. ३१ गेजची ०.२९, म्हणजे पेट्रोल जीपच्या प्लगची वायर. २५ गेजची अर्ध्या मिलिमीटरची, म्हणजे बॅटरीपासून सेल्फकडे जाणारी केबल. तांबे दिलेले वळण धरून ठेवते, दोऱ्याला ते जमत नाही. नोझलवर पाइप आवळणारा नट करायला इंजेक्शनची २४ गेजची सुई चालते. तिची बाहेरची जाडी ०.५७ मिलिमीटर, म्हणजे खऱ्या मापात साडेतेरा-चौदा मिलिमीटर, आणि आतल्या भोकातून ३३ गेजची तार जाते. ती न वापरलेलीच घ्यावी आणि कापताना डोळ्यांवर चष्मा असावा. पोलाद कडक असते आणि तुकडा उडतो.

रेडिएटरचा होस पाइप बहुतेकांकडून फसतो. प्लास्टिकची सळई तापवून वाकवली की वळणावर ती चपटी होते. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या विजेच्या वायरीचा तुकडा घेतला तर आतल्या तांब्यामुळे वळण गोल राहते आणि दोन मिलिमीटरच्या आसपासची जाडी मापाजवळ येते. क्लॅम्पसाठी औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पन्नी बारीक पट्टीत कापून गुंडाळावी. पुली तीन चकत्यांची करावी, मधली चकती जराशी लहान, म्हणजे पट्ट्याची खाच आपसूक तयार होते. फॅनबेल्ट काळ्या रंगवलेल्या कागदाचा, अर्धा मिलिमीटर रुंद. तो डायनमो आणि पंखा यांच्यामध्ये अगदी ताठ दाखवू नये. खरा पट्टा बोटाने दाबला तर थोडा आत जातो, नाहीतर बेअरिंग खराब होते.

अलीकडे संगणकावर आराखडा करून रेझिनच्या प्रिंटरवर इंजिन छापता येते. १/२४ मध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या नटाचे सहा पैलूही त्यात उठतात. परदेशी गिऱ्हाइकांच्या आवडीची इंजिने अशी तयार मिळतात. महिंद्रचे डिझेल हवे असेल तर आराखडा स्वतः करावा लागतो, आणि त्यासाठी खऱ्या इंजिनाशेजारी उभे राहून मापे घ्यावी लागतात. हे जितके लवकर होईल तितके बरे. जुन्या जीपा भंगारात जात आहेत, त्यांच्या जागी बोलेरो आली आहे, आणि आजच्या इंजिनावर प्लास्टिकचे आवरण असल्याने चार पाइपांची ती रचना बाहेरून दिसतही नाही. घाटात चालणाऱ्या ज्या जीपा अजून उरल्या आहेत त्यांच्यात तर एका कंपनीचे इंजिन, दुसऱ्या गाडीचा रेडिएटर आणि गॅरेजमध्ये केलेली फाउंडेशन असा मेळ असतो. त्याची नोंद कुठल्याही कारखान्याच्या पुस्तिकेत नाही. छायाचित्र आणि माप एवढीच त्याची नोंद.

रंगाचे काम सर्वांत शेवटी येते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर रंग टिकत नाही, तो तांबूस तपकिरी गंजाचा करावा. डिझेल फिल्टर आणि पंपाच्या आजूबाजूला तेल झिरपून त्यावर धूळ बसते, तिथे काळसर तपकिरी रंग पातळ करून सांध्यांत सोडावा आणि उंचवट्यावरचा पुसून घ्यावा. तापीकाठच्या गाडीवर ही धूळ काळपट असते. घाटात मुरमाच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीवर ती तांबडी होते आणि ब्लॉकपेक्षा रेडिएटरच्या जाळीत जास्त साठते. नोझलचे नट मात्र उजळ ठेवावेत. पाइपात हवा धरली की फिटर तेच सैल करतो आणि पुन्हा आवळतो, त्यामुळे पान्याने त्यांचे कोपरे नेहमी घासलेले असतात.